सोमवार-गुरुवारची सावड

कवठे येमाई
१२ मार्च २०२५

मोनाली,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट न वाचता फेकणार असशील तर थांब, आत कामाची गोष्ट आहे. रडगाणं नाही, तेवढी खात्री बाळग.

सोबत एक टाइप केलेला कागद आहे. ‘माझे नाव सुलक्षणा जयसिंग यांच्या शिधापत्रिकेतून कमी करण्यास माझी हरकत नाही,’ एवढंच त्यावर आहे. त्याखाली इंद्रजीतची सही घे आणि त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स जोडून परत पाठव. बाकी काही नको.

तू म्हणशील, एकवीस वर्षांनी अक्काला हे काय सुचलं. इंद्रजीतला तू माझ्या ओटीत घातलंस, त्याच आठवड्यात तुझे दाजी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले आणि रेशनकार्डावर ‘मुलगा’ म्हणून त्याचं नाव चढवून आले. असल्या कामांना एरवी त्यांना सहा महिने लागायचे. पोर आठ महिन्यांनी तुझ्याकडे परत आलं, पण नाव राहिलं. मी दोनदा म्हटलं, काढा ते. ते म्हणायचे, “राहू दे, कुणाचं काय खातंय?” दाजी गेल्याचं तुला कळवलं होतं. तू आली नाहीस, ते मी मनात धरून बसलेली नाही.

तर ते नाव आता खायला लागलंय. माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. दीड वर्ष झालं, सोमवारी आणि गुरुवारी शिरूरला डायलिसिसला जाते. चार तास मशीन रक्त धुऊन देतं आणि मी संध्याकाळच्या एसटीनं घरी येते. घाबरण्यासारखं काही नाही. पाणी मोजून प्यायचं, केळं खायचं नाही, बाकी ठणठणीत आहे.

अडचण मशीनची नाही, दाराची आहे. दारातल्या टेबलावर रोज एकच प्रश्न, सोबत कोण? सोबत नातेवाईक असल्याशिवाय मशीन लावत नाहीत. आधी सोपान भावजी यायचे. दीर म्हणून त्यांनी वर्षभर केलं, नाही म्हणणार नाही. पण कांदा काढणीला आला की माणूस वहिनीचा राहत नाही, कांद्याचा होतो. गेल्या महिन्यात एका सोमवारी मी एकटीच गेले.

टेबलावरची मॅडम म्हणाली, “काकू, सोबत कोण?”

“मीच आलेय की.”

“तुम्ही पेशंट. पेशंटच्या सोबत कोण?” मग तिनं माझी फाईल उघडली. मोफत उपचाराच्या योजनेसाठी लावलेली रेशनकार्डाची झेरॉक्स त्यात पहिलीच. “हा काय मुलगा. इंद्रजीत. बावीस वर्षांचा हाय. आईसाठी त्याला चार तास न्हाईत व्हय?”

तिथं सगळ्यांनी ऐकलं. शेजारच्या बाकावर कुशाबाई म्हणून एक म्हातारी पेशंट होती, एरवी मंगळवार-शुक्रवारची, त्या दिवशी वार बदलून आलेली. तिला तीन मुलगे आहेत. ती हात हलवून म्हणाली, “असली आवलाद असण्यापरीस नसलेली बरी.” मग जो तो त्या कागदावरच्या पोराला शिव्या द्यायला लागला. कुणी म्हणालं बायकोच्या ऐकण्यातला असेल, कुणी म्हणालं दारू पीत असेल. तो कुणाचा कोण, त्यानं काय केलंय, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. त्या दिवशी मशीन न लावता मला परत पाठवलं.

त्यामुळे नाव काढायचंय. मूल नाही तर नाही, मी ते छातीठोक सांगीन. पण तुझ्या पोराला फुकट शिव्या बसलेल्या मला खपत नाहीत.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणत असशील. तू गाढव नाहीस आणि मी पाय धरलेले नाहीत. सही तेवढी पाठव.

अक्का


कवठे येमाई
९ एप्रिल २०२५

मोनाली,

पाकीट मिळालं. आत सही, झेरॉक्स, आणि तुझ्या हातचं एक अक्षरही नाही. तिकिटाला थुंकी तरी लावलीस, तेवढ्यावर समाधान मानते.

पण मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सोपान भावजींना सांगून झालंय. त्यांना ते आवडलं नाही, म्हणून तुला सांगते.

मागच्या वेळी लिहिलं नाही, त्या सोमवारी मशीन चुकल्यावर काय झालं ते. गुरुवारपर्यंत निघेल असं वाटलं होतं. बुधवारी पाणी छातीत चढलं. आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसले आणि तोंडानं श्वास ओढत राहिले. शेजारच्यांनी गाडीत घालून शिरूरला नेलं. गंमत बघ, तेव्हा दारात कुणी विचारलं नाही की सोबत कोण. मरायला टेकलेल्या बाईला नातेवाईक लागत नाही, चालत आलेलीला लागतो.

वाचले, आणि मला असा राग आला म्हणून सांगू. दाजी गेले तेव्हासुद्धा एवढा आला नव्हता.

आमच्या डायलिसिस सेंटरला मंगळवारी-शुक्रवारी चांगदेव मामा येतात, तेही पेशंटच. शिरूरचेच, बुद्धविहाराजवळ राहतात, तहसील कचेरीत कारकून होते. बायको वारली, मूलबाळ नाही. इंद्रजीतचं नाव कमी करायचा अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्यायला मी एका मंगळवारी गेले, तर मामा दाराबाहेर उभे. त्यांच्या सोबत येणाऱ्या शेजाऱ्याला ड्युटी लागली होती. मॅडम म्हणत होती, नातेवाईक आणा.

मी म्हटलं, “मामा, तुमच्यासोबत मी बसते. सोमवारी तुम्ही माझ्यासोबत बसा.”

मामा म्हणाले, “आन् नातं काय सांगायचं?”

मी म्हटलं, “सावड.”

आपल्या आबांच्या वेळची सावड तुला आठवते का गं? तुमच्या नांगरटीला आमचे बैल, आमच्या नांगरटीला तुमचे. ट्रॅक्टर आले आणि ती मोडली. माझ्या डोक्यात ती त्या दारात उभं राहून आली, कारण दुसरं काही शिल्लक नव्हतं.

मॅडम काही ऐकेना. सावड म्हणजे नातं नाही, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, असं सुरू झालं. तेव्हा मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कचेरीत कुणाचं काम अडवायचं असलं की ते असंच करायचे म्हणे. म्हणाले, “मॅडम, रक्ताचंच माणूस पायजे ह्यो नियम कुठल्या कागदावर हाय, तेवढा दाखवा. छत्तीस वर्षं मी कागदातच काढली. कागद दाखवला की गप घरी जातो.”

तिनं ड्रॉवर उघडला. दुसरा उघडला. फाईल चाळली. मग कुणाला तरी फोन केला, त्यानं आणखी कुणाला तरी केला. आत मशीनं चालू, बाहेर आम्ही सगळे रांगेत, आणि कुणी हलेना. कुशाबाई तर सुपारी कातरत खाली फरशीवरच बसली. शेवटी डॉक्टर बाहेर आले. तरुण पोरगा आहे, आवाज चढवत नाही. म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहे, त्याला सगळं समजतंय, तर सही त्याचीच. बीपी पडलं तर हाक मारायला आणि घरी न्यायला कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं. ते नात्यातलंच हवं असं कुठं लिहिलेलं नाही, तशी पद्धत पडून गेली होती.

पद्धत पडून गेली होती. त्या पडलेल्या पद्धतीनं मला मारलं असतं, मोनाली.

रजिस्टरात ‘नाते’ असा रकाना आहे. मी त्यात ‘सावड’ लिहिलं. मॅडम म्हणाली, “हे नातं कॉम्प्युटरात न्हाई बसत.” मी म्हटलं, “मग कॉम्प्युटरला शिकवा.”

आता असं चाललंय. सोमवारी माझ्यासोबत चांगदेव मामा, गुरुवारी कुशाबाई. मंगळवारी मी मामांसोबत. शुक्रवारी मामांचा शेजारी येतो, पण कुशाबाईची सून येत नाही, म्हणून तिच्यासोबतही मीच. आठवड्याचे चार दिवस एसटीत जातात. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं. सोपान भावजी म्हणाले, “वहिनी, परक्या माणसांला सोबतीला बशिवता, भावकीत मी काय सांगू?” मी म्हटलं, “सांगा की सोमवारी सकाळी आठला स्टँडवर या. जो येईल तो भावकीतला.” अजून कुणी आलेलं नाही.

नाव कमी करायचा अर्ज तयार आहे. पिशवीत ठेवलाय. अजून दिलेला नाही, देईन.

अक्का


कवठे येमाई
४ जून २०२५

मोनाली,

बुधवार हा माझा मधला मोकळा वार, म्हणून पत्र नेहमी बुधवारचं असतं. तू उत्तर देत नाहीस, मी लिहिते. दोघींचंही बरं चाललंय.

आधी चांगली बातमी. सावडीत आता अकरा जण आहेत. मामांनी वारांचा तक्ता आखून भिंतीला लावलाय, लाल-निळ्या शाईनं, कचेरीच्या थाटात. एक वीस वर्षांची पोरगी आहे साई नावाची, तिचे आईवडील ऊसतोडीला लांब असतात, तिच्यासोबत आता पाळीनं आम्ही म्हाताऱ्या बसतो आणि ती आमच्या मोबाइलमधलं सगळं नीट करून देते. परवा एक नवा पेशंट दारात गोंधळून उभा होता. मॅडम त्याला काय म्हणाली असेल? “घरचं कुणी नसलं तर सावडीत नाव घाला.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण घरी येईपर्यंत एसटीत एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

दुसरी गोष्ट. हाताला जिथं सुया टोचतात ती जोडलेली नस बंद पडली. आता मानेत नळी घालून काम चालू आहे, पण ती फार दिवस ठेवता येत नाही. दुसऱ्या हाताला नस जोडायचं ऑपरेशन रविवारी आहे. कुठे ते सांगत नाही. सांगितलं तर तुला येणं न येणं ठरवावं लागेल, ते ओझं नको. मामा आणि कुशाबाई सोबत आहेत.

आणि तिसरी. ही आधी दोनदा लिहून फाडली आहे.

रेशनकार्डाचा अर्ज सोमवारी दिला. नाव कमी झालं. त्या खिडकीतून बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले. मामा लांब उभे राहिले, बिचारे. तेव्हा ठरवलं की तुला खरं सांगायचं.

इंद्रजीतला मी परत आणून दिला तेव्हा तुझ्या उंबऱ्यात काय म्हणाले, ते तू विसरलेली नाहीस. “रात्रभर रडतंय. मला न्हाई जमत. घे तुझं तुला.” असं म्हणून पिशवी ठेवली आणि पाणीही न पिता निघाले. तू मागून ओरडलीस, माझं पोर काय बाजारातलं भांडं हाय का, नाही आवडलं तर परत द्यायला. बरोबर ओरडलीस.

तो रडत नव्हता गं. शहाणं पोर होतं. माझ्या पोटावर पालथं झोपायचं.

त्याच्या आधी पंधरा दिवस माझा चेहरा सुजला होता म्हणून मी पुण्याला दाखवून आले होते. डॉक्टर म्हणाले, किडन्या खराब होत चालल्यात, दोन वर्षं जातील की वीस, सांगता येत नाही. माझी दोन पोटं पडली तीही त्याचमुळे असावीत. परत येताना सगळ्या वाटेवर मी एकच हिशेब केला, की दोन वर्षांत मी गेले तर हे पोर मला आई म्हणायला लागलेलं असेल. तुझ्याकडे आठ महिन्यांचं गेलं तर त्याला आठवणारही नाही. म्हणून आणून दिलं.

खरं कारण सांगितलं असतं तर तू मला माफ केलं असतंस आणि पोर माझ्याकडेच ठेवलं असतंस. तेवढी तू वेडी आहेस. आणि सासरी कळलं असतं तर दाजींना दुसरी करा म्हणाले असते, हेही होतं. ते लपवून उगाच थोर होत नाही. दाजींना सहा वर्षांनी सांगितलं. ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मग कधी त्याविषयी बोलले नाहीत.

दोन वर्षं म्हणता म्हणता मी एकवीस काढली. चुकलाच की माझा हिशेब. एवढी जगणार असं कुणी लिहून दिलं असतं तर पोर परत द्यायला आलेच नसते.

हे माफीसाठी लिहिलेलं नाही. इंद्रजीतला मात्र वाचून दाखव. तो कुणाला नकोसा झाला होता असं त्याच्या मनात असेल तर ते खोटं आहे, आणि ते खोटं मी सांगितलेलं आहे.

अक्का


कवठे येमाई
१८ जून २०२५

मोनाली,

हे अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हातानं लिहितेय. उजव्या हाताला टाके आहेत. वाच जमेल तसं.

इंद्रजीतनं घरी काय सांगितलं मला माहीत नाही, म्हणून झालं ते सगळं लिहिते. ऑपरेशनच्या त्या रविवारी मी दौंडला होते. हो, तुझ्याच गावात, रेल्वे कॉलनीपासून चालत दहा मिनिटांवर. नस जोडणारे डॉक्टर पुण्याहून रविवारी तिथंच येतात, त्याला मी काय करू. न्हावरे गावावरून एसटीनं आलो आम्ही तिघं. कुशाबाईनं वाटेत अख्ख्या गाडीला माझा आजार समजावून सांगितला.

तो दवाखाना नवीन, टेबल नवीन, पण प्रश्न जुनाच. “सोबत कोण? मुलगा, मुलगी?”

मी म्हटलं, “मला मूल नाही. सोबतीला हे दोघं आहेत. सही मी करणार.”

त्या मुलीनं फॉर्म मागे ओढला. “रक्ताच्या नात्यातलं कुणी...” असं ती म्हणायला लागली आणि मामांनी चष्मा काढला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मामा, ह्या वेळी मला बोलू द्या. आणि बोलले, मोनाली. आवाज न चढवता, शिरूरच्या त्या डॉक्टरांसारखं. म्हटलं, “बाई, मी शुद्धीत हाय. ऑपरेशन काय हाय ते मला ठाऊक हाय. धोका काय हाय तेबी विचारून झालंय. हात माझा हाय. मग सही दुसऱ्याची कशाला?” ती आत गेली, विचारून आली, आणि फॉर्म माझ्यापुढे ठेवला. पेन दिलं. मी सही केली. पूर्ण नाव, सुवाच्य, शेवटी टिंबसुद्धा.

त्या क्षणी दार ढकलून तो आला. मी ओळखलं नाही. उंच, घामेजलेला, रेल्वेचा निळा शर्ट, हातात माझं पत्र. शनिवारी मिळालं, तू रात्री त्याच्यासमोर ठेवलंस आणि स्वयंपाकघरात गेलीस, असं म्हणाला. सकाळी त्यानं शिरूरला फोन करून मॅडमकडून पत्ता काढला. मॅडमनं दिला, बघ.

टेबलावरची मुलगी म्हणाली, “हा मुलगा का?”

तो म्हणाला, “व्हय, मीच. कुठं सही करायची?” आणि खरंच पेन उचललं.

एकवीस वर्षं मी ह्या एका वाक्याची वाट पाहिली असेन, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, “हा माझ्या बहिणीचा मुलगा. सही झालीय.”

त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “मग मी काय करू, मावशी?”

“चांगदेव मामा सकाळपासून उपाशी हायेत. त्यांना आन् कुशाबाईला जेवायला घाल. मामांना मीठ कमी.”

तो गेला आणि डबे घेऊन आला. मी बाहेर आले तेव्हा तिघं बाकावर बसून जेवत होते आणि कुशाबाई त्याला सांगत होती की तिनं पूर्वी एकदा त्याला शिव्या दिल्या होत्या, त्या परत घेतल्या. त्याला काही कळलं नाही, तरी तो मान डोलवत होता. संध्याकाळी डॉक्टरांनी माझ्या मनगटावर स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि म्हणाले, छान चाललंय. इंद्रजीतनं विचारलं, मी ऐकू? आणि कान लावून ऐकलं. म्हणाला, गिरणी चालल्यावानी वाजतंय. किती वेळ डोकं खाली घालून बसला होता.

आता तुझ्या पोस्टकार्डाविषयी. काल मिळालं. एकवीस वर्षांनी तुझं अक्षर आणि त्यात एक ओळ, ‘अक्का, तुझ्या सोबतीला मी कुठल्या वारी येऊ?’

येऊ नकोस. रुसू नकोस, पुढं वाच. सोमवारी मामा आहेत, गुरुवारी कुशाबाई. माझे वार भरलेले आहेत आणि त्यांना उठवून मी बहिणीला बसवणार नाही. ती माणसं मला तेव्हा मिळाली जेव्हा कुणी नव्हतं.

पण मंगळवारी मामांसोबत मी असते. त्याच बॅचला नवीन आलेला एक माणूस आहे, भांडगावचा, त्याचं कुणीच नाही. त्याची मंगळवारची जागा तक्त्यावर रिकामी आहे. तिथं तुझं नाव घालायला मी मामांना सांगितलंय. सावडीत फुकट येता येत नाही, आधी दुसऱ्याचं करावं लागतं.

सकाळची दौंड-शिरूर गाडी पकड. मशीन चार तास चालतं आणि सोबतीच्या माणसाला जागेवरून उठता येत नाही. शेजारी शेजारी खुर्च्या आहेत. मनसोक्त भांड.

अक्का